एफएसआर: हलका दाब आणि जोराचा दाब वेगळे ओळखता येत नाहीत, दिवा लुकलुकतो

दाबून_बघू (प्रश्न)

एका छोट्या डबीत गोल एफएसआर (दाबला की रेझिस्टन्स कमी होणारा पातळ फिल्मचा सेन्सर; ४०२ आकाराचा, मोठ्या बटणाएवढा) बसवला आहे. त्यावरून १२ व्होल्टची एलईडी पट्टी चालवायची आहे. हलकी टिचकी मारली की चालू-बंद, आणि जोरात दाबून धरलं की उजेड कमी-जास्त. शेजारी तसाच दुसरा सेन्सर आहे, त्यावर १२ व्होल्टचा ब्रशवाल्या मोटरचा लहान पंखा. दाब वाढेल तसा वेग वाढावा, हात काढला की बंद व्हावा.

जोडणी अशी: आर्डुइनो नॅनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), ५ व्होल्ट. एफएसआरचं एक टोक ५ व्होल्टला, दुसरं ए० ला (व्होल्टेज ० ते १०२३ या आकड्यांत वाचणारी पिन), आणि ए० पासून ग्राउंडला १० किलोओहम. मॉसफेट (दिवा-पंखा चालवणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आयआरएफझेड४४एन, गेट थेट पिनला.

अडचणी:

१. बोट नुसतं टेकवलं तरी रीडिंग ६०० च्या आसपास उडी मारतं. मग कितीही जोर लावा, ९००-९५० च्या पुढे फारसं हलत नाही. हलकं आणि जोराचं यांच्यात रेघ कुठे ओढायची तेच कळत नाही.

२. रेघ ५०० वर ओढली आहे. बोट तिथे थोडं रेंगाळलं की दिवा तीन-चार वेळा चालू-बंद होतो.

३. सेन्सर डबीच्या झाकणाखाली बसवल्यापासून हात न लावताही रीडिंग ४०-६० येतं. टेबलावर मोकळा असताना ० होतं.

४. उजेड हवा तेवढा आला की बोट उचलतो, आणि उचलता उचलता उजेड परत खाली जातो.

सेन्सरच बदलावा का? लोडसेल (वजनकाट्यातला सेन्सर) लावून एचएक्स७११ (त्याचं रीडिंग देणारी चिप) वापरावं असाही विचार आहे.

---

ओहमचा_नियम

सेन्सर बदलू नका. पहिली अडचण त्या १० किलोओहमची आहे.

एफएसआरचा रेझिस्टन्स दाबाच्या उलट प्रमाणात पडतो आणि सुरुवातीलाच धाडकन पडतो. या आकाराच्या सेन्सरचे ढोबळ आकडे असे: दाब नसताना १० मेगाओहमच्या वर, ०.२ न्यूटनला (म्हणजे २० ग्रॅम वजनाएवढ्या दाबाला) ३० किलोओहम, १ न्यूटनला ६ किलोओहम, १० न्यूटनला १ किलोओहम. आता हे तुमच्या डिव्हायडरमध्ये (सेन्सर आणि १० किलोओहमची मालिका, मधल्या बिंदूवर ए०) घालून बघा. ०.२, १ आणि १० न्यूटनला रीडिंग अनुक्रमे अशी येतात.

१० किलोओहम लावला तर: २५६, ६३९, ९३०.
३.३ किलोओहम लावला तर: १०१, ३६३, ७८५.
१ किलोओहम लावला तर: ३३, १४६, ५१२.

पहिल्या ओळीत १ ते १० न्यूटन हा सगळा कामाचा पट्टा २९१ आकड्यांत कोंबला गेलाय, आणि त्यातला बराचसा सुरुवातीच्या २-३ न्यूटनमध्येच संपतो. ३.३ वर तोच पट्टा ४२२ आकड्यांचा होतो. ज्या दोन रेझिस्टन्समधला फरक नीट बघायचा आहे त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढा, फरक तिथे सगळ्यात जास्त पसरतो. इथे ६ गुणिले १, वर्गमूळ साधारण २.४५. म्हणजे २.२ किंवा २.७ लावला तरी चालेल. मी ३.३ म्हणतो, कारण वरचा पसारा जवळपास तेवढाच राहतो आणि हलक्या टिचकीला खाली थोडी जास्त जागा मिळते.

अगदी १०० ओहमपर्यंत मात्र उतरू नका. या फिल्ममधून दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ मिलिअँपिअरच्या वर करंट नेऊ नये.

दुसरं, रीडिंग तसंच्या तसं वापरू नका. कंडक्टन्स (रेझिस्टन्सचा उलटा, इथे ‘जी’) काढा, तो दाबाबरोबर बऱ्यापैकी सरळ रेषेत चढतो:

जी = १००० × रीडिंग ÷ (१०२३ − रीडिंग)

३.३ किलोओहम असताना वरच्या तीन दाबांना जी अनुक्रमे ११०, ५५० आणि ३३०० च्या आसपास येतो. दाब पाचपट झाला तर जी पाचपट, हे किती सोयीचं आहे बघा. इथे दोन खड्डे आहेत. रीडिंग १०२३ आलं तर शून्याने भागाकार, म्हणून आधी ते १००० वर कापा. आणि नॅनोवर साधा पूर्णांक १६ बिटांचा असतो, १००० × ७८५ त्यात मावत नाही, उत्तर ऋण किंवा भलतंच येतं. गुणाकार ३२ बिटांच्या पूर्णांकात करा. ‘जोरात दाबलं की उलटं होतं’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा एवढंच असतं.

लोडसेलबद्दल: ते मोजायला उत्तम, पण एचएक्स७११ मूळ सेटिंगला सेकंदाला १० च रीडिंग देतं. टिचकी त्या दोन रीडिंगच्या मधून निसटते. रेट पिन हायला नेली तर ८० मिळतात, मग चालतं, पण नॉईज वाढतो. शिवाय लोडसेलला एक टोक घट्ट आणि दुसरं अधांतरी अशी रचना लागते, ती या डबीत कुठे बसवणार?

---

पिवळा_मल्टिमीटर

वरचं सगळं बरोबर, पण तिसरी अडचण कोडने सुटणार नाही आणि पहिलीचाही अर्धा भाग यांत्रिक आहे.

१० किलोओहमवर ५० रीडिंग म्हणजे सेन्सर १९५ किलोओहमच्या आसपास आहे. मोकळ्या एफएसआरला मल्टिमीटरने २ मेगाओहम रेंजवर ‘ओएल’च (रेंजच्या बाहेर) दाखवलं पाहिजे. तारा सोडवा, मीटर लावा, आणि झाकणाचे स्क्रू एकेक करून अर्धा आटा सैल करत जा. कुठल्या स्क्रूला आकडा उडून ओएल होतो ते दिसेल. झाकण सेन्सरवर आधीच बसलेलं आहे, त्यालाच आपण प्रीलोड म्हणतो.

सेन्सर उजेडात धरून बघा. खालच्या फिल्मवर एकमेकांत बोटं गुंतवल्यासारख्या चांदीच्या बारीक रेघा दिसतात. वरच्या फिल्मला आतून काळी कार्बनची शाई असते. दोन्हींच्या मध्ये कडेने डिंकाची एक रिंग आणि तेवढीच हवेची फट. दाबलं की काळा थर रेघांना टेकतो, जोर वाढला की जास्त ठिकाणी टेकतो. ती रिंग एका जागी तुटलेली असते आणि तिथून एक बारीक वाट शेपटीतून बाहेर जाते. आतली हवा तिथून ये-जा करते. शेपटीवर गरम गोंद किंवा इपॉक्सी फासलं की ही वाट बंद होते, आणि मग दाब सोडल्यावर फिल्म सावकाश उठते. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

बसवायची पद्धत:

सेन्सरखाली सपाट आणि कडक पृष्ठभाग हवा. ३डी प्रिंटच्या थरांच्या रेघाही त्रास देतात, त्यामुळे प्रिंटवर आधी ०.५ ते १ मिमीचा प्लास्टिकचा सपाट तुकडा चिकटवा. सेन्सर पातळ दुहेरी टेपने लावा, जाड फोमच्या टेपने नाही. टेपमध्ये बुडबुडा राहिला तर तिथे कायमचा दाब बसतो. सेन्सर वाकवू नका, गोल पृष्ठभागावर तर नकोच.

वर १.५ ते २ मिमी जाडीची सिलिकॉनची किंवा मऊ रबराची चकती लावा. तिचा व्यास सेन्सरच्या चालत्या भागापेक्षा किंचित कमी ठेवा, इथे १० मिमी पुरे. चकती रिंगवर चढली तर तुमचा जोर डिंकाच्या रिंगवरच जातो आणि सेन्सरला काही कळत नाही. चकती नसेल तर बोटाचं टोक, बोटाचं पेर आणि नख तिन्ही एकाच जोराला वेगळं रीडिंग देतात, कारण टेकलेलं क्षेत्रफळ वेगळं असतं. चकती असली की जोर दरवेळी त्याच जागी, तेवढ्याच क्षेत्रफळावर पोचतो.

चकती आणि झाकणाचं बटण यांच्यात ०.२ ते ०.३ मिमी फट ठेवा. बटणाला स्वतःचा टेकू हवा, पातळ पट्टीचं बिजागर किंवा कडेने फोम, म्हणजे त्याचं वजन सेन्सरवर येणार नाही.

शेपटीला सोल्डर शक्यतो मारू नका. फिल्म पॉलिस्टरची आहे, उष्णतेने आकसते आणि चांदीची रेघ पिनेपासून सुटते. मग कनेक्शन कधी लागतं, कधी नाही. २.५४ मिमीचा फीमेल हेडर शेपटीच्या पिनांवर ढकलला की काम होतं. सोल्डर मारायचंच असेल तर पिनेच्या आणि फिल्मच्या मध्ये चिमटा धरून उष्णता तिथेच शोषून घ्या आणि एका सेकंदात उरका.

हे झाल्यावर १०० ग्रॅमचं वजन चकतीवर ठेवून रीडिंग लिहून घ्या. दहा वेळा ठेवा, उचला. आकडे दर वेळी थोडे हलणारच. एकाच सेन्सरवरही दाब चढताना आणि उतरताना १० टक्क्यांच्या आसपास फरक पडतो, आणि एकसारखा दिसणारा दुसरा सेन्सर आणखी वेगळा निघतो. म्हणून दोन्ही सेन्सरांना एकच आकडा वापरू नका. एफएसआर हा काटा नव्हे, ‘किती ग्रॅम’ हे त्याला विचारू नये. ‘टेकलंय का, जोर आहे का, वाढतोय का’ एवढं विचारलं तर तो इमानदारीने सांगतो.

---

लूप_चालू_आहे

आता कोडचं. दुसरी आणि चौथी अडचण इथली.

दर ५ मिलिसेकंदांनी एक रीडिंग घ्या. ‘डिले’ने थांबवू नका, मिलिसेकंदांच्या घड्याळावर तपासा. शेवटच्या तीन रीडिंगमधलं मधलं निवडा, एकटाच उडालेला आकडा तिथे गळून जातो. मग गुळगुळीत करा:

नवं = जुनं + ०.२ × (रीडिंग − जुनं)

याला पोचायला साधारण २२ मिलिसेकंद लागतात, बोटाला ते जाणवत नाहीत. ०.०२ टाकलंत तर आकडा शांत दिसेल पण टिचकीच गिळली जाईल. लुकलुकणं थांबवायचा तो मार्ग नव्हे.

लुकलुकणं थांबतं ते दोन रेघांनी. जीच्या मापात: ‘टेकलं’ म्हणायचं २०० च्या वर गेल्यावर, ‘सोडलं’ म्हणायचं १२० च्या खाली आल्यावर. मधल्या पट्ट्यात आधीची अवस्था तशीच ठेवायची. जोराच्या दाबालाही तसंच: चढताना ९००, उतरताना ६५०. ३.३ किलोओहमवर ९०० म्हणजे दीड ते दोन न्यूटन, ठरवून दाबल्याशिवाय येत नाही आणि बोटही दुखत नाही.

टिचकी ओळखायची ती जोरावरून ओळखू नका. माणूस टिचकी अनेकदा जोरातच मारतो. ती वेळेवरून ओळखा:

- टेकल्यापासून ३०० मिलिसेकंदांच्या आत सोडलं: टिचकी. चालू-बंद. निर्णय सोडताना घ्यायचा, टेकताना नाही.
- ३०० च्या पुढे धरलंय आणि जोर ९०० च्या वर: उजेड बदलायला सुरुवात.
- ३०० च्या पुढे धरलंय पण हलकंच: काही करू नका. कोणीतरी हात टेकवून बसलंय.

३० मिलिसेकंदांपेक्षा कमी टिकलेला स्पर्श टाकून द्या.

आता चौथी अडचण, आणि हीच खरी. तुम्ही दाबाचा आकडा थेट उजेडाला जोडलाय. मग बोट उचलताना दाब शून्यापर्यंत सगळ्या पायऱ्या उतरणारच, आणि उजेडही त्याच्या मागोमाग उतरणार. तिथे कुठलाही फिल्टर कामाचा नाही. दाब उजेडाला जोडू नका, उजेड *बदलण्याच्या वेगाला* जोडा. जी ९०० असताना सेकंदाला १० पायऱ्या, ३००० असताना १२० पायऱ्या, मध्ये सरळ रेषेत. उजेड ० ते २५५ पायऱ्यांचा. जोर ६५० च्या खाली गेला की वेग शून्य, उजेड जिथल्या तिथे थांबतो. प्रत्येक नव्या दाबाला दिशा उलटी करा, एकदा वर, एकदा खाली. बारीक फरक हवा तर हलकं दाबा, झटकन हवा तर जोर लावा. आकडा धरून ठेवणं बोटाला जमत नाही, कमी-जास्त करणं मात्र सहज जमतं.

बेसलाइन: स्पर्श नसताना जीची सावकाश सरासरी ठेवा आणि ती वजा करा. खाली जाताना पटकन, वर जाताना अगदी हळू, २०-३० सेकंद घेऊन. स्पर्श चालू असताना बेसलाइनला हात लावू नका, नाहीतर धरून ठेवलेला दाबच शून्य समजला जातो, आणि सोडल्यावर पुढच्या टिचक्या ऐकूच येत नाहीत. बराच वेळ दाब राहिला की एफएसआरचा रेझिस्टन्स हळूहळू आणखी उतरत जातो, हा त्या थराचाच गुण आहे. म्हणून ६० सेकंदांहून लांब स्पर्श आला तर त्यावर काहीतरी पडलंय असं समजून तो सोडून द्या.

उजेडाच्या २५५ पायऱ्या डोळ्याला सारख्या दिसत नाहीत. २.२ च्या घाताने वळवून घ्या: पायरी ६४ ला आउटपुट १२. पण मग पायरी २० च्या खाली ८ बिटांत १ किंवा ० एवढंच उरतं आणि अंधाराकडे दिवा टप्प्याटप्प्याने तुटतो. टायमर १ (पिन ९ आणि १०) दहा बिटांवर चालवा, प्रीस्केलर (घड्याळाचा भाजक) ८, म्हणजे १.९५ किलोहर्ट्झ मिळतात. टायमर ० ला मात्र हात लावू नका, मिलिसेकंदांचं घड्याळ त्याच्यावरच चालतं.

---

स्क्रूड्रायव्हर

‘दाब थेट जोडू नका’ हे दिव्याला खरं. पंख्याला नाही. प्रश्नातच लिहिलंय की हात काढल्यावर बंद व्हायला हवा. तिथे थेट जोडणीच हवी, ड्रिल मशीनच्या ट्रिगरसारखी.

---

लूप_चालू_आहे

मान्य. तरी एक फरक सांगतो. ट्रिगर आत सरकतो, आतली स्प्रिंग बोटाला सांगते की किती आत गेलोय. एफएसआर सरकतच नाही, बोटाला अंदाज फक्त जोराचा. म्हणून पंख्यावर पातळ चकतीऐवजी ५-६ मिमी जाडीचा घट्ट फोम किंवा मऊ सिलिकॉन लावा, तेवढं दबणंही पुष्कळ मदत करतं. आणि अखंड वेगाऐवजी चार पायऱ्या ठेवा, प्रत्येकीला आपापल्या दोन रेघा. थरथर थांबते. सगळ्यात खालच्या पायरीला मोटर स्थिर अवस्थेतून उठलीच पाहिजे, म्हणून सुरुवातीला १०० मिलिसेकंद पूर्ण ताकद देऊन मग खाली आणा.

---

दाबून_बघू

३.३ किलोओहम, सिलिकॉनची चकती आणि दोन रेघा लावल्या. एक स्क्रू खरंच जास्त आवळला होता. आता न दाबता ०, १०० ग्रॅमला ३४० ते ३७५. दिवा हवा तसा वागतो.

पंखा चालू केला की दोन्ही सेन्सरांची रीडिंग ३०-४० ने थरथरतात, मध्येच एखादं ८० नेही उडतं. आणि पंखा कमी वेगाला शीळ घालतो. मॉसफेट गरम होतो, पण तो वेगळा विषय.

---

ओहमचा_नियम

फार वेगळा नाही. क्रमाने घ्या.

आधी ग्राउंड. मोटरचा परतीचा करंट ब्रेडबोर्डच्या ज्या पट्टीतून जातो, त्याच पट्टीला ३.३ किलोओहमचं खालचं टोक आहे ना? त्या तारेत आणि पट्टीच्या पकडीत मिळून ०.१ ओहम धरला आणि मोटरने १.५ अँपिअर ओढला, तर ०.१५ व्होल्टचा फरक पडतो. ५ व्होल्टच्या १०२३ भागांत हे ३१ आकडे. म्हणजे तुमची ३०-४० ची थरथर. दोन्ही डिव्हायडरांची खालची टोकं थेट नॅनोच्या जीएनडी पिनेला न्या. मॉसफेटच्या सोर्सपासून जाड तार सरळ अडॅप्टरच्या निगेटिव्हला. नॅनोचं ग्राउंड आणि हे ग्राउंड फक्त अडॅप्टरच्या टोकाशी भेटू द्या.

मग ८० ची उडी, ती ब्रशांच्या ठिणग्यांची. मोटरच्या दोन टोकांवरच, तारा निघतात तिथे, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. १२ व्होल्टवर मॉसफेटजवळ ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा. ए० आणि ए१ वर नॅनोच्या पिनेशीच ०.१ मायक्रोफॅरड ग्राउंडला. ३.३ किलोओहमबरोबर तो पाव-अर्ध्या मिलिसेकंदाच्या पलीकडे काही अडवत नाही, टिचकीला धक्का नाही. सेन्सरच्या तारा मोटरच्या तारांबरोबर वळू नका.

मोटरला उलटा डायोड आहे का? नसेल तर तो आधी लावा, पट्टा असलेलं टोक प्लसकडे. १एन५८१९ घ्या. १एन४००७ सावकाश आहे, जलद पीडब्ल्यूएमला (झपाट्याने चालू-बंद करून ताकद कमी-जास्त करण्याला) तो स्वतःच तापतो आणि मॉसफेटलाही तापवतो.

शीळ पीडब्ल्यूएमच्या ४९० हर्ट्झची आहे. पंखा पिन ३ वर न्या, टायमर २ प्रीस्केलर १ वर फेज-करेक्ट पद्धतीने चालवा, ३१ किलोहर्ट्झ मिळतात. कानाला ऐकू येत नाही.

आणि मॉसफेट: आयआरएफझेड४४एन पूर्ण उघडायला गेटवर १० व्होल्ट लागतात. ५ व्होल्टला तो अर्धवट उघडतो आणि बाकीचं उष्णतेत जातं. आयआरएलझेड४४एन लावा, नावात फक्त एका अक्षराचा फरक. गेटला मालिकेत १०० ओहम, गेट ते सोर्स १०० किलोओहम, म्हणजे नॅनो सुरू होत असताना पंखा आपोआप फिरणार नाही. पुढे कधी ३.३ व्होल्टच्या बोर्डावर गेलात तर हाही पुरत नाही, तिथे एओ३४०० सारखा २.५ व्होल्टला उघडणारा घ्या. ईएसपी३२ असेल तर सेन्सर ३२ ते ३९ या पिनांवरच ठेवा, एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) २ च्या पिना वायफाय चालू असताना वाचता येत नाहीत. आणि डिव्हायडर ३.३ व्होल्टवरूनच द्या, ५ वरून नाही, पिन जाईल.

---

नळी_आणि_फुगा

थोडं बाजूचं. बोटात जोरच कमी असेल, किंवा मुठीने, कोपराने, हनुवटीने दाबायचं असेल, तर एफएसआरपेक्षा हवेचा फुगा बरा. मऊ रबरी फुगा, त्याला सिलिकॉनची नळी, नळीच्या टोकाला एमपीएक्स५०१० हा प्रेशर सेन्सर. तो ० ते १० किलोपास्कल मोजतो, ५ व्होल्टवर शून्याला ०.२ व्होल्ट आणि पुढे दर किलोपास्कलला ०.४५ व्होल्ट. फुगा कुठेही दाबा, दाब आत सगळीकडे सारखाच. नळी मीटर-दीड मीटर लांब चालते, म्हणजे माणसाजवळ एकही तार जात नाही.

घोटाळा होतो तो तापमानाचा. बंद फुगा हातात गरम झाला की आतली हवा फुगते आणि बेसलाइन चढते. नळीला सुईने एक बारीक छिद्र पाडा. काही सेकंदांत शून्य आपोआप परत येतं. मात्र मग दाबून धरलेला दाबही हळूहळू उतरतो, तेव्हा फुग्याला टिचकी आणि छोटे दाबच द्या, पंख्याचा वेग धरून ठेवायला तो नको.

---

दाबून_बघू

थरथर आता ३-४ वर आली, शीळही गेली. शेवटचं: दिव्याचा भाग बॅटरीवर न्यायचा आहे. नॅनोला झोपवलं आणि सेन्सरवर टिचकी मारून उठवलं, असं जमेल का? ए० ला पिन-चेंज इंटरप्ट (पिनेची पातळी बदलली की चिपला उठवणारी सोय) लावून बघितला, फार जोरात दाबल्याशिवाय उठत नाही.

---

पिवळा_मल्टिमीटर

जमेल. न दाबलेला एफएसआर जवळजवळ उघडाच असतो, त्यामुळे झोपेत त्या फांदीतून करंट वाहत नाही. जोरात दाबावं लागतं कारण ही पिन ‘हाय’ ओळखायला ०.६ × ५, म्हणजे ३ व्होल्टची खात्री हवी. ३.३ किलोओहम खाली असताना त्यासाठी सेन्सर २.२ किलोओहमपर्यंत यावा लागतो.

३.३ किलोओहमचं खालचं टोक ग्राउंडवरून काढून डी४ सारख्या मोकळ्या पिनेला जोडा. ए० ते ग्राउंड १०० किलोओहम कायमचा ठेवा. जागेपणी डी४ आउटपुट, लो: दोन्ही समांतर मिळून ३.२ होतात, तुमच्या रेघा बदलाव्या लागत नाहीत. झोपण्याआधी डी४ इनपुट करा, पुल-अप बंद ठेवून. आता फक्त १०० किलोओहम उरतो, आणि ३ व्होल्टला सेन्सर ६६ किलोओहमवर आला तरी पुरतं. तेवढं बोट टेकवल्यावर होतं. उठल्यावर डी४ परत लो करा, १० मिलिसेकंद थांबा, मग पहिलं रीडिंग. उठवणारी टिचकी हीच चालू करणारी टिचकी धरायची असेल तर ३०० मिलिसेकंदांचं घड्याळ उठल्या क्षणापासून मोजा.

नॅनोवरचा पॉवरचा एलईडी काढून टाका, आणि बॅटरी रेग्युलेटरमधून न देता थेट ५ व्होल्टच्या पिनेला द्या. नाहीतर चिप झोपली तरी बोर्ड काही मिलिअँपिअर ओढतच राहतो. बॅटरी ५ पेक्षा कमी व्होल्टची असेल तरी रीडिंग बदलत नाहीत, कारण एडीसीचा संदर्भ आणि डिव्हायडर दोन्ही त्याच व्होल्टेजवर आहेत.

आणि झाकणाचा तो स्क्रू पुन्हा तपासा. आधीसारखा १९५ किलोओहमचा प्रीलोड राहिला तर १०० किलोओहमवर ए० ला न दाबता १.७ व्होल्ट येतात. ते धड लोही नाहीत, धड हायही नाहीत. नॅनो रात्रभर आपोआप उठत राहील.